तक्त्यात बोटं नव्हती

इंदूमावशींचा माझ्यावर कधीच विश्वास नव्हता. माझ्या हस्ताक्षरावर नाही, माझ्या घड्याळावर नाही, आणि माझ्या चांगल्या हेतूंवर तर अजिबात नाही. भाऊकाका आज ब्रह्मा घाटावरच्या आपल्या खोलीत कुणाचा हात न धरता वावरतात, ते त्या अविश्वासाच्या कृपेनं. घरी ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की माझी मुलगी आता माझ्या आधीच वाक्यं पुरी करते. मात्र सांगताना त्यातली माझी चूक मी दरवेळी जरा लहान करत आलो. आज ती होती तेवढीच लिहितो.

मावशी माझ्या बायकोच्या, चुलत. मैदागिनच्या एका गल्लीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात त्या तीसेक वर्षं नेत्र सहायक होत्या. ऑपरेशन डॉक्टर करायचे, पाटीवर नाव डॉक्टरांचं. पण पेशंट डॉक्टरांपुढे जाईपर्यंत त्याची नजर तपासायची, डोळ्याचा दाब मोजायचा, चष्म्याचा नंबर काढायचा, थेंब घालायचे, हे सगळं मावशींचं. दिवसाला शंभर माणसं, आणि ती बनारसची माणसं. म्हणजे प्रत्येकाला आपल्या डोळ्याआधी आपल्या घराण्याचा इतिहास सांगायचा असतो.

माझं झेरॉक्सचं दुकान बंद पडलं तेव्हा बायकोनं मावशींना गळ घातली आणि मी तिथं परची लिहायला बसलो. परची म्हणजे पेशंटचं नाव, वय, तक्रार लिहिलेला कागद. तो हातात घेऊन माणूस आत जायचा. पहिल्याच दिवशी मी एक परची द्यायला पडदा उचलून आत गेलो. मावशी एका नावाड्याची पापणी उलटी करून आतला कण काढत होत्या. त्यानंतरचं मला आठवत नाही. जाग आली तेव्हा मी बाकावर आडवा होतो आणि तोच नावाडी गमछ्यानं मला वारा घालत होता.

"जावईबापू," मावशी म्हणाल्या, "घरी तुम्हाला पाटावर बसवीन. इथं स्टुलावर बसा. आणि पडदा उचलायचा नाही."

त्या दिवसापासून दवाखान्यात मी 'परचीवाले' झालो. 'मावशी' म्हणायची मनाई होती. बाकी सगळ्यांसारखं 'दीदी' म्हणायचं. पन्नाशीच्या जावयानं सासूला दीदी म्हणायचं, हे मला पहिला महिनाभर जड गेलं.

दिसायला त्या साध्या. ठेंगण्या, कडक इस्त्रीची सुती साडी, वर निळा एप्रन, पदर दोन ठिकाणी पिनांनी जखडलेला, कारण पेशंटच्या तोंडावर वाकताना पदर घसरून चालत नाही. हात मात्र बघत राहावे असे. दिवसभर धुऊन धुऊन तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके झालेले. त्या हातांनी पापणी धरली की माणूस गप्प व्हायचा. तोंडात पान असलं तरी. खरं म्हणजे पान असलं तर मावशी त्याला हनुवटी टेकूच द्यायच्या नाहीत. "भइया, ये ठुड्डी रखने की जगह है, पीकदान नहीं. पहले बाहर जाइए." चांगले चांगले पहिलवान गडी मुकाट्यानं उठून नाल्यापाशी जाऊन यायचे.

त्यांचं एक म्हणणं होतं. ते मी पहिल्या आठवड्यात ऐकलं आणि पाच वर्षांनी समजलो. "दिसतं का, असं विचारायचंच नाही. काय दिसतं, ते विचारायचं." कारण बनारसमध्ये कुणालाही विचारा, "दिख रहा है?" तो म्हणणार, "सब चउचक हौ, दीदी." म्हणजे सगळं झकास आहे. आंधळा होत आलेला माणूसही असंच म्हणणार. खोटेपणानं नव्हे, नम्रपणानं. डॉक्टरांचं मन कशाला मोडा! म्हणून मावशी माणसाच्या बोलण्यापेक्षा त्याच्या चालण्याकडे बघायच्या. दारातून कोण कुठल्या खांद्यानं पडदा ढकलतो, बाकाची कड कोण हातानं शोधतो, यावरून त्या मला हळूच सांगायच्या, "याचं डाव्या बाजूचं गेलंय. परचीवर मोठं लिहा." आणि आत गेल्यावर तेच निघायचं. सुरुवातीला मला वाटायचं, यात काही तरी हातचलाखी असावी.

मदनपुऱ्याचे एक बुनकर चाचा आठवतात. तीन वेळा चष्मा बदलून झाला, तीनही चष्मे घालून डोकं दुखायचं. दुसऱ्या दवाखान्यातले, आमच्याकडचे, नजर तपासायचे सगळे तक्ते त्यांनी घडाघडा वाचलेले. मावशींनी त्यांना फरशीवर बसायला सांगितलं. "चाचा, समझिए करघा सामने है. हाथ चलाइए." चाचा लाजले, मग बसले, आणि त्यांचे हात हवेत साडी विणायला लागले. मावशी गुडघ्यावर वाकल्या आणि त्यांच्या डोळ्यापासून त्या नसलेल्या धाग्यापर्यंतचं अंतर टेपनं मोजलं. वर्तमानपत्र धरतो त्याहून ते बरंच लांब निघालं. नंबर त्या अंतराचा काढला. आठ दिवसांनी चाचा आले ते मिठाई घेऊनच. "दीदी, सबने हमसे अखबार पढ़वाया," म्हणाले, "अखबार पढ़ना किसको है?"

आणखी एक शिस्त होती, तिच्यावरून रोज भांडणं व्हायची. डॉक्टरांना डोळ्याच्या आतला पडदा बघायचा असतो, म्हणून आधी थेंब घालून बाहुली मोठी करतात. पण काही थोड्या डोळ्यांत पुढची जागा अरुंद असते. तिथं तेच थेंब गेले तर डोळ्यातलं पाणी अडतं, दाब एकदम चढतो आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. म्हणून थेंब घालण्याआधी मावशी प्रत्येकाच्या कानशिलाकडून टॉर्च मारून बघायच्या. उजेड नाकाच्या बाजूपर्यंत सरळ पोचला तर ठीक. तिथं सावली पडली तर थेंब नाहीत, आधी डॉक्टर. शंभरातले पंच्याण्णव ठीकच असायचे. रांग ओरडायची, "दीदी, बैटरी बाद में खेलिएगा!" मीसुद्धा एकदा म्हटलं, "दीदी, जरा वेळ वाचला असता." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढच्या पाच परच्यांवर तारीख चुकीची घातली.

आता भाऊकाका.

काका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. घनपाठी. म्हणजे वेद नुसते पाठ नव्हेत. शब्द पुढून मागं, मागून पुढं, दोन-दोन, तीन-तीन गुंफून म्हणायचे, आणि एकही स्वर चुकवायचा नाही. सात वर्षांचे असल्यापासून हेच. एकटे राहायचे, पाठशाळेत शिकवायचे, सोवळं कडक. माझी बायको चहा घेऊन आली तर म्हणणं मधेच थांबवायचे, ती गेली की तिथूनच उचलायचे. मला ते आजही 'बाळ्या' म्हणतात. त्यांचा डावा डोळा लहानपणी विटी लागून गेलेला. सगळा कारभार उजव्यावर.

त्या वर्षी पितृपक्षात काका आमच्याकडे, मंगळागौरीच्या देवळाजवळच्या घरी, जेवायला होते. बायको आतून बघत होती. रात्री मला म्हणाली, "काकांना दिसत नाहीये. कोशिंबीर म्हणून पानाची कड चाचपत होते."

"वय झालंय गं," मी म्हणालो. डोळ्यांच्या दवाखान्यात पाच वर्षं काढलेला माणूस, आणि हे माझं निदान!

तिनं ऐकलं नाही. सोमवारी काका दवाखान्यात आले. नेमकी त्या दिवशी तोबा गर्दी. काका तासभर बाकावर सोवळ्याचं अंतर राखून बसले होते, पडद्याला लागून. मला वाईट वाटलं. तिकडे पाठशाळेतली मुलं खोळंबलेली. मावशी दाब मोजायच्या खोलीत अडकल्या होत्या. मी विचार केला, तक्ता वाचून घेणं ते काय मोठं? पाच वर्षं ऐकतोय. काकांना तक्त्यापुढे बसवलं आणि म्हटलं, "हं काका, करा सुरू."

काकांनी सुरू केलं. वरच्या मोठ्या अक्षरापासून खालच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत, न अडखळता, खणखणीत. माझी छाती भरून आली. या वयात! मी परचीवर लाल शाईनं लिहिलं, 'दोन्ही डोळे सिक्स बाय सिक्स', म्हणजे नजर अगदी शाबूत, आणि खाली आपणहून भर घातली, 'थेंब घालून डॉक्टरांकडे'. मग ती परची आणि काका, दोन्ही मावशींपुढे नेले. जरा ऐटीतच.

मावशींनी परची वाचली. "हे कुणी लिहिलं?"

"मी."

"दोन्ही डोळे?"

"हो. फाडफाड वाचलं काकांनी."

"विटीनं गेलेला डोळासुद्धा?"

मी एकही डोळा झाकायला सांगितला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. मावशींनी माझ्या लाल शाईवर आडवी रेघ मारली आणि काकांना पुन्हा तक्त्यापुढे बसवलं. त्यांनी ना डोळा झाकला, ना काही विचारलं. म्हणाल्या, "काका, ऐकवा." काका सुरू झाले. तिसऱ्या ओळीला मावशींनी हात लांब केला आणि तक्त्यामागचा दिवा बंद केला. खोली अंधारी, तक्ता काळा. काका चौथी ओळ म्हणत होते. पाचवी म्हटली. सहावी म्हटली.

"आता खालून वर," मावशी म्हणाल्या.

काका खालून वर आले. तितकेच खणखणीत, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. बाकावरची माणसं पडद्यातून डोकावत होती. कुणी तरी "हर हर महादेव!" केलं. तासभर बसल्या बसल्या पडद्याआडून दहा-बारा पेशंटांचं वाचन त्यांच्या कानावर पडलं होतं. आयुष्यभर जे कानांनी घेतलं ते कायमचं साठवलेला माणूस. तक्ताही आपोआप आत जाऊन बसला होता. त्या क्षणी त्या खोलीत दोन थोर माणसं समोरासमोर होती, आणि परची लिहिणारा एक गाढव.

मावशींनी दिवा लावला, स्टूल ओढून काकांच्या पुढ्यात बसल्या आणि हातभर अंतरावर आपला हात धरला. "काका, किती बोटं?"

काकांनी मान पुढं केली. मग हळूच म्हणाले, "तक्त्यात बोटं नव्हती."

मी रागावून म्हटलं, "काका, मला खोटं का सांगितलंत?"

"खोटं?" काका ताठ झाले. "बाळ्या, तू 'वाचा' म्हणालास का? 'करा सुरू' म्हणालास. मी सुरू केलं."

मावशींना हसू आलं असेल, पण त्यांनी टॉर्च घेतला होता. कानशिलाकडून उजेड मारला आणि बघत राहिल्या. मलाही खूण करून वाकायला लावलं. त्या एका दिवशी मला पडदा माफ होता. काकांच्या एकुलत्या एक चांगल्या डोळ्यात, नाकाच्या बाजूला, अर्धचंद्रासारखी काळी सावली पडलेली होती.

"काका, संध्याकाळी डोकं दुखतं?"

"दुखतं. कपाळाच्या उजव्या अंगाला."

"दिव्याभोवती रंग दिसतात?"

काकांचा चेहरा उजळला. "दिसतात! श्रावणापासून. मंगळागौरीच्या दिव्याभोवती इंद्रधनुष्याचं वर्तुळ. कुणाला सांगितलं नव्हतं. आईचा प्रसाद आहे तो."

"आणि बल्बाभोवती?"

"…बल्बाभोवतीही दिसतं."

"मग तो प्रसाद नाही, काका. दाब आहे."

मोतीबिंदू आत फुगत चालला होता आणि डोळ्यातल्या पाण्याची वाट बुजवत होता. डॉक्टरांनी तिथल्या तिथं दाब उतरवायच्या गोळ्या, औषधं सुरू केली आणि सांगितलं, ऑपरेशन परवा. उशीर झाला तर हा डोळाही जाईल. मी भिंतीला टेकून उभा होतो. माझ्या लाल शाईप्रमाणे झालं असतं तर थेंब पडले असते, आणि दाब त्याच संध्याकाळी चढला असता. मावशी जवळून जाताना एवढंच म्हणाल्या, "पाणी प्या, परचीवाले. आज वारा घालायला कुणी मोकळं नाही."

पण काका ऑपरेशनला तयार होईनात. "महिनाभर गंगास्नान नाही म्हणता. मला डोळ्यांचं काय काम? जे आहे ते सगळं कंठात आहे. पायऱ्यासुद्धा मोजलेल्या आहेत. डोळे मिटून उतरतो." मी हात जोडले, ओरडलो, वडिलांची शपथ घातली. काका भिंतीसारखे.

संध्याकाळी दवाखाना आटोपून मावशी स्वतः ब्रह्मा घाटावर काकांच्या खोलीवर आल्या. उंबऱ्याबाहेरच बसल्या, सोवळं मोडू नये म्हणून. मी दाराशी.

"काका, पायऱ्या किती?" मावशींनी विचारलं.

काकांनी वळणं धरून आकडा सांगितला.

"पुरानंतर गाळ बसलाय. किती पायऱ्या बुडाल्यात?"

काकांचा हात गुडघ्यावर गेला.

"गेल्या आठवड्यात पडलात ना? धोतराला गुडघ्यापाशी टाका दिसतोय, नव्या दोऱ्याचा."

मी बघितलं. टाका होता. तो उंबऱ्याबाहेरून यांना कसा दिसला, कोण जाणे!

"गंगा दरवर्षी पायऱ्या बदलते, काका. तुमचं पाठांतर नाही चुकलं. तिचं बदललं." मावशी उठल्या. "परवा सात वाजता. उपाशी या."

काका म्हणाले, "स्नान किती दिवस नाही?"

तेव्हा मला कळलं, की हे 'हो' आहे.

ऑपरेशनच्या खोलीत काय झालं ते मला डॉक्टरांनी सांगितलं. मी बाहेर बाकावर होतो, आणि तीच जागा माझ्या प्रकृतीला मानवते. काकांना टेबलावर निजवलं, तोंडावर हिरवं कापड घातलं, आणि कापडाखालून वेद सुरू झाला. भीतीनं असेल, सवयीनं असेल. ओठ हलले की जबडा हलतो, जबडा हलला की डोळा. डॉक्टर दोनदा म्हणाले, "पंडितजी, चुप रहिए." दोनदा काका थांबले, पुन्हा सुरू झाले. डॉक्टरांनी हात मागे घेतला. एकच डोळा, हलत्या डोळ्याला कोण हात लावणार?

मावशी उशाशी उभ्या होत्या. त्या कापडाजवळ वाकून म्हणाल्या, "काका, तोंडानं नको. मनात म्हणा, आणि स्वर इथं दाखवा." आणि कापडाखालून आपला तळहात काकांच्या उजव्या हाताखाली सरकवला. वेद म्हणताना आमच्याकडे हात स्वराबरोबर वर-खाली, आजूबाजूला जातो. लहानपणीच ती सवय लावतात. काकांची बोटं मावशींच्या तळहातावर फिरायला लागली. तोंड मिटलं. जबडा स्थिर झाला. डॉक्टर म्हणाले, "पंधरा-वीस मिनिटं त्यांचं बोट दीदींच्या हातावर चालत होतं आणि डोळा दगडासारखा होता. मी असं काही बघितलं नाही." बाईमाणसाच्या सावलीनं ज्यांचा पाठ थांबायचा, त्यांनी एका बाईच्या तळहातावर अख्खा अध्याय म्हटला. मी मावशींना याबद्दल विचारलं, तर म्हणाल्या, "हात सुन्न झाला हो माझा. फार जोरात म्हणतात."

आठव्या दिवशी काका तपासणीला आले. मी परचीवर फक्त नाव आणि वय लिहिलं. मावशींनी डावा डोळा झाकला, दिवा लावला. तक्ता तोच होता. दुसरा तक्ता दवाखान्यात होता, मी आणू का म्हणून विचारलंही. मावशींनी मानेनंच नको म्हटलं.

"काका, जे दिसतं ते."

काका वाचू लागले. आज खणखणीत नव्हते. सावकाश, एकेका अक्षरावर थांबत, बोबड्या मुलासारखे. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, चौथी. पाचव्या ओळीशी थांबले. डोळा बारीक केला. ती ओळ त्यांना पाठ होती. मला पाठ होती. खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं की काकांना ती उलटीही येते.

"इंदू," काका म्हणाले, "पुढचं आठवतंय. दिसत नाही."

मावशींनी लिहिलं, सिक्स बाय एटीन. बाकीचं चष्म्यानं येईल, म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता. फक्त त्या स्टुलावरून उठल्या. इतक्या वर्षांत कामाच्या वेळी कुणा पेशंटला पोचवायला त्या उठल्या नव्हत्या. काकांनी मला हात धरू दिला नाही, "एकटा जातो" म्हणाले, आणि जिना उतरून गल्लीत लागले. मावशी त्यांच्या मागोमाग खाली गेल्या, दवाखान्यातल्या सपातांवर, पाठीमागं दोन पावलं सोडून.

त्यानंतर दोन वर्षं त्या तिथं होत्या, मग निवृत्त होऊन मुलाकडे इंदूरला गेल्या. पण मला त्या आठवतात त्या तशाच, गल्लीच्या तोंडाशी उभ्या. पुढं काका चाललेत. समोरून मोटरसायकल आली, काका आपणहून ओट्याकडे सरकले. एक गाय आडवी बसली होती, तिला वळसा घातला. मावशी हलल्या नाहीत. वरून खिडकीतून लोक ओरडत होते, "दीदी! हमार नंबर कब आई?" मागं न बघताच त्यांनी एक हात वर केला, थांबा म्हणून. काका वळणावर दिसेनासे झाले, तरी तो हात काही वेळ तसाच वर होता.